भरवेलीच्या क्वार्टरमधली नीलगिरी

मी नीलगिरीचं झाड. भरवेलीला मँगनीजच्या खाणीची कॉलनी आहे, तिथल्या एका क्वार्टरच्या मागच्या अंगणात उभा आहे. रस्त्यावरून येताना छपरांच्या वर एक सडपातळ शेंडा डुलताना दिसला, तर तो मीच. लोक मान वर करून बघतात आणि माझ्या उंचीचं कौतुक करतात. मला मात्र ही उंची नको होती. ती पदरात कशी पडली, ते सांगतो.

मला नर्सरीतून सीतानं आणलं. काळ्या पिशवीत बोटभर काडी आणि मोजून सहा पानं, एवढाच होतो मी. तिचा नवरा दुलीचंद खाणीत कामाला होता. सर्दी-खोकला त्याच्या पाचवीला पुजलेला. घरीच नीलगिरी लावून पानांचा वाफारा द्यावा, असं कोणीतरी तिला सुचवलं होतं. ती खुरपं घेऊन अंगणात बसली, तोच दुलीचंदनं तिला थांबवलं.

"हे घर आपलं नाही, खाणीचं हाय. जमिनीत काही लावू नोको."

असा हा माणूस. एकतीस वर्षं त्या क्वार्टरमध्ये राहिला, पण भिंतीत खिळा ठोकतानाही त्याचा हात अडखळायचा. शेवटी भंगारातून लोखंडी ड्रम आणून त्यानं अर्धा कापला आणि मला त्यात बसवलं. जायची वेळ आली की उचलायचं नि न्यायचं, असा हिशोब. म्हणजे मी झाड कमी आणि सामान जास्त.

तरी माझं बरं चाललं होतं. दर हिवाळ्याच्या तोंडावर सीता कोयत्यानं माझा शेंडा उडवायची, बरोबर तिचा हात पोचेल तिथं. पहिल्या वर्षी मी फार घाबरलो. मग कापल्या जागेवरून रुंद, निळसर, कोवळी पानं फुटली आणि त्यांच्या वासानं अंगण भरलं, तेव्हा तिची युक्ती कळली. काही पानं सावलीत वाळवून ती तांदळाच्या कोठीत टाकायची. तिन्हीसांजेला डासांसाठी चार पानं निखाऱ्यावर घालायची. शेजारच्या मंजूला त्यांचा काढा करून प्यायचा होता, तेव्हा सीतानं तिला चांगलंच झापलं. वास घ्यायचा, पोटात घ्यायचं नाही, असा तिचा कायदा होता.

खरा सोहळा वाफाऱ्याचा. दुलीचंद पातेल्यावर वाकायचा, सीता त्याच्या डोक्यावरून चादर टाकायची. हा एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस चादरीखाली मात्र भरभरून बोलायचा. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर माणसं किती खरं बोलतात, हे मी तेव्हा पाहिलं. पाणी गार होईपर्यंत तो लालबर्र्याला बांधायच्या घराबद्दल बोलत राहायचा. खोल्या किती, दार कोणीकडं, सगळं. एकदा तो म्हणाला, "तिथं आपली माती राहीन. या झाडाले ड्रमातून काढू, मोकळं लावू."

हे ऐकून मी किती हरखलो, काय सांगू! आपली माती. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात. पण वाट बघणं फार अवघड असतं हो. ड्रमात मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती. अशातच एका पावसाळ्यात ड्रमचं बूड गंजून भोक पडलं आणि माझ्या एका मुळाला खालच्या जमिनीचा ओलावा लागला. मला धीर धरवला नाही. मी आत शिरलो.

कोणालाच कळलं नाही. त्या वर्षी मी जोमानं वाढलो, तर सीताला वाटलं तिच्या शेणखताची किमया. ती शेजाऱ्यांना मला दाखवत सुटली. मीही शहाण्यासारखा गप्प बसलो.

दुलीचंद रिटायर झाला. लालबर्र्याचं घर तयार होतं. मुलगा पवन पिकअप घेऊन आला, पलंग, कपाट, कोठी सगळं चढलं आणि सर्वांत शेवटी चौघं जण मला उचलायला आले. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. ड्रम एका बाजूनं जरासा उचलला गेला आणि खाली मनगटाएवढं जाड मूळ जमिनीत गेलेलं सगळ्यांना दिसलं.

पवन कुऱ्हाड आणायला निघाला. मूळ तोडून न्यायचं, जगलं तर जगलं, नाहीतर नर्सरीत दुसरं मिळेल, असं त्याचं म्हणणं. दुलीचंदनं खाली बसून मुळावर हात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "मी एकतीस वर्षं इथं पाहुणा राह्यलो. यानं जागा धरली. याले मारू नोको."

सीतानं पदर भरून पानं तोडली आणि मागं न बघता गाडीत बसली. मला ओरडून सांगायचं होतं, तोडा मूळ, मरेन पण येईन. झाडाला ओरडता येत नाही.

मग कोणीतरी गंजका ड्रम फोडून काढला. कॉलनीतल्या झाडांची मोजणी झाली, तेव्हा माझ्या खोडावरही पांढऱ्या रंगानं नंबर पडला. मी खाणीचा झालो. क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं, श्रुतिका त्यांची नवी सून. मुलगी गुणाची, पण माझा शेंडा कोण कापणार? दोन वर्षांत मी छपरापार गेलो. सगळी कोवळी पानं वर, आभाळाच्या कामाची.

परवा दुपारी सीता आली. एकटीच, बसनं. केस पांढरे झालेत. दुलीचंदच्या खोकल्यानं पुन्हा उचल खाल्ली होती. नव्या घरी यंदा नीलगिरीची दोन रोपं लावली, ती अजून गुडघ्याएवढी. माझ्या खाली उभं राहून तिनं सवयीनं हात वर केला. तिथं नुसतं खोड होतं. हात तसाच राहिला.

श्रुतिकानं आतून कोयता आणि स्टूल आणून दिलं. "तोड लो ना काकी, कौन देख रहा है?"

सीतानं खोडावरच्या नंबराकडं पाहिलं. "नाही वं पोरी, आता ते खाणीचं हाय." आणि खोडावरून हात फिरवून, रिकामी पिशवी घडी करून, ती बसस्टँडकडं निघाली. खाली पडलेली पानं घ्यावी, तर अंगण सकाळीच झाडून, पाला जाळून टाकलेला.

तेव्हापासून मी पानं गाळतोय. ऋतू नसताना, जमतील तेवढी. श्रुतिका, एवढं ऐक, सकाळी अंगण झाडू नकोस. आणि लालबर्र्याकडं कोणी जाणार असेल तर सीताला निरोप द्या. म्हणावं, पिशवी घेऊन ये. नंबर खोडावर आहे, पानांवर नाही.