शून्यावर न जुळणारा मायक्रोमीटर

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरचा एक केस किती जाड आहे, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगणारा मी एक जुना मायक्रोमीटर आहे. माझा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. एका टोकाला पोलादाचे स्थिर तोंड असून दुसऱ्या टोकाकडून आट्यांचा दांडा पुढे सरकतो. मोजायची वस्तू या दोहोंच्या मध्ये धरतात. माझ्या शेपटीला रॅचेट नावाची बारीक मूठ आहे. दांडा वस्तूला पुरेसा टेकला, की ती ‘टक् टक् टक्’ करून घसरते. त्यापुढे दाबायचे नसते. जोराने आवळले, की माप खोटे, खऱ्यापेक्षा कमी येते.

सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी जोतीरामच्या हाती आलो. तो लेथवर लोखंड कातणारा टर्नर. टूलरूमचे वृद्ध प्रमुख आण्णा नव्या कामगारांना सांगत, “माप घ्यायचं कसं, ते जोत्याकडं बघा. कोंबडीचं पिल्लू धरल्यावानी धरतोय.” हे ऐकताना माझे पोलाद अभिमानाने चमकत असे.

पुढे तोच हात सकाळपासून थरथरू लागला. दारूचा वास मला येत नाही, परंतु कंप मात्र अचूक कळतो. एका दुपारी मी त्याच्या हातून फरशीवर पडलो. तेव्हापासून माझी तोंडे पूर्ण मिटली, तरी रेघ शून्यावर थांबत नाही. ती दोन घरे चुकते. जोतीरामने हे लपवले. आठवड्याभराचा माल परत आला. त्याला घरी बसवले गेले आणि मला कपाटात टाकले गेले.

तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो परतला. आण्णांनी त्याच्यासाठी शब्द टाकला आणि मलाही बाहेर काढले. भिंगाखाली माझी तोंडे तपासली. ती सपाट होती. मग त्यांनी पेटीच्या झाकणात चिठ्ठी चिकटवली : ‘शून्य अधिक दोन. प्रत्येक मापातून दोन वजा करणे.’ त्या चिठ्ठीखाली जोतीराम रोज सकाळी दारूविना गेलेल्या दिवसांचा आकडा पेन्सिलीने लिहू लागला. आकडा दोनशे एकतीसपर्यंत गेला.

मग नातेपुत्याला त्याच्या भाच्याचे लग्न झाले. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याने पेटी उघडली, आकडा खोडला आणि खाली शून्य काढले. कागद फाटेपर्यंत तो ते गिरवत राहिला.

त्या दिवशी त्याला क्षणभर चैन नव्हते. माठापर्यंत जाई आणि पाणी न पिताच परते. खिशात फोन वाजे; पत्नी वच्छलाचे नाव पाहून तो परत ठेवून देई. सहा वाजता दारू सोडलेल्यांची बैठक होती. तिथे तोंड दाखवायचे, की सरळ गुत्ता गाठायचा, हा प्रश्न त्याच्या बोटांतून माझ्यात उतरत होता. कातलेल्या पोलादी पिना मोजताना रॅचेट सोडून तो दांडा फिरवणारी माझी नळीच पिळत होता. पीन बारीक भरली, की भंगाराच्या खोक्यात टाकत होता. अशा चौदा पिना गेल्या.

आण्णांनी खोक्यातली एक पीन उचलली आणि मला हाती घेतले. टक् टक् टक्.

“बरूबर हाय की ही! का टाकलीस?”

जोतीरामने लेथ बंद केला. “आण्णा, काल लग्नात घेतली मी. समदं शून्य झालं. उद्यापास्नं येत न्हाय.”

“मग साडेसात महिन्यांत काढलेला मालबी भंगारात टाकू का?”

“त्यो कशाला?”

“बरं, ह्यो मायक्रोमीटर कुणी पाडला?”

“मीच की.”

“फेकला का आपन? चूक केवढी ते मोजलं, लिवून ठेवलं, आन् कामाला लावला. तू मगाधरनं सोताचा गळा आवळायलास लेका. रॅचेट कशाला दिलंय?”

“मी मानूस हाय, माप न्हाय!” जोतीराम उसळला.

“म्हनून तर! मापाला बैठकीला जाता येत न्हाय.”

जोतीरामला हसू आवरले नाही, आणि हसता हसता डोळे भरले. फोन पुन्हा वाजला. या वेळी त्याने उचलला.

“वच्छे, काल मी घेतली.”

पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “ठावं हाय. मला काय नाक न्हाय व्हय? तुमी कवा सांगताय म्हनून सकाळधरनं फोन करायले. बैठकीला मीबी येते. जेवला का न्हाय?”

त्याने दोन बोटांनी रॅचेट धरले आणि चौदाही पिना पुन्हा मोजल्या. बारा योग्य निघाल्या. दोन खरोखरच बारीक होत्या. त्या खोक्यातच राहिल्या. चिठ्ठीवर त्याने दोनशे एकतीस पुन्हा लिहिले, शेजारी ‘चूक एक’ असे नोंदवले आणि खाली लिहिले, ‘आजपासून पुढे.’

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे उपकरण तुमच्या हाती आले, तर एवढे करा. रोज त्याचे शून्य तपासा. चूक दिसली तर लपवू नका आणि रागाने पिळूही नका. आणि पेटीत ठेवताना त्याची तोंडे घट्ट मिटवू नका. आमच्या सोलापुरात ऊन फार. धातू फुगतो आणि मिटलेल्या दांड्यावर आतल्या आत ताण येतो. त्या संध्याकाळी बैठकीला निघताना जोतीरामने माझे तोंड आठवणीने किंचित उघडे ठेवले होते.