शून्य नंबरचा कप्पा

"सूनबाई, त्या गाण्याला पुढचं कडवं नाही का?"

सासूबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं, तेव्हा डावरीताई गिरणी गल्लीत होती. म्हणजे तिचं बोट होतं. गिटारच्या वरून दुसऱ्या तारेवर.

"गाणं नाही हो आई, व्यायाम आहे."

"असू दे. पण व्यायामाला तरी शेवट असतो की नाही?"

उत्तर द्यायचं तर थांबावं लागलं असतं, आणि थांबलं की बोटं पुन्हा आखडायची. ती पुटपुटत राहिली, "गिरणी गल्ली, जुना पूल, दवाखाना, टाकी, कोर्ट, बाजार, स्टेशन, नवी वसाहत." आठ जागा, आठ सूर. मग उलट्या पावली परत.

पोस्टात तिला सगळे डावरीताई म्हणत, कारण ती डाव्या हाताने टपाल लावायची. तिच्यासमोर लोखंडी रॅक होता, सहा ओळी आणि ओळीत बारा कप्पे. बहात्तर कप्पे, बहात्तर रस्ते. एकतीस वर्षं ती त्या रॅकपुढे उभी होती. कप्प्यांवर नावाच्या पट्ट्या होत्या, पण त्या वाचताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. पत्ता डोळ्यात शिरायचा आणि हात परस्पर निघायचा. मधल्या मधे डोक्याला कुणी विचारायचंच नाही.

तो हात मोडला. तोही कसा, तर पोस्टाच्या पायरीवर उभी राहून पोस्टमास्तरीणबाईंना "जपून हो, पायरी ओली आहे" असं सांगताना. बाई जपून उतरल्या. ही गेली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात तिला ओळखीचा वाटेना. बोटं भिजून वाळलेल्या चपलेसारखी झाली होती. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तिसऱ्या दिवशी तो सोफ्याखाली गेला, चौथ्या दिवशी सासूबाईंना सापडला, आणि तेव्हापासून गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याची तिथे कायमची नेमणूक झाली.

खरं संकट पुढेच होतं. इतक्या दिवसांच्या रजेवरून परत येणाऱ्याला परीक्षा होती. दहा मिनिटांत तीनशे पत्रं लावायची, चुका दहाच्या आत. नापास झालं तर चौकशीची खिडकी. चौकशीची खिडकी म्हणजे दिवसभर गोड आवाजात "माहीत नाही" म्हणायची नोकरी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. एकतीस वर्षं जिला सगळं माहीत होतं, तिने शेवटचं दीड वर्ष माहीत नाही म्हणत काढायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

"चेंडू नको करत बसू," मुलगा फोनवर म्हणाला. तो नोकरीला परगावी होता, नऊ वर्षं झाली होती. "माझी गिटार आहे ना कपाटावर? स्केल वाजव. बोटं अशी सुटतील की बघत राहशील."

"मला गाण्यातलं काय कळतं?"

"गाणं नाहीच. नुसतं वर जायचं आणि खाली यायचं. त्याने हात सुधारतो आणि कुठला सूर कुठे बसतो ते पाठ होतं."

गिटार जुन्या चादरीच्या पिशवीत होती. तिने ती ओल्या फडक्याने पुसली. तारांखालच्या काळ्या पट्टीवर पाच फिकट, गुळगुळीत डाग होते. ते घासूनही निघाले नाहीत, तेव्हा तिने नाद सोडला.

मुलाने सूर सांगितले. "सी, डी, ई, एफ, जी, ए, बी, सी."

"जीनंतर परत ए? अरे, ही अक्षरं लावलीत की सांडलीत? आमच्याकडे असं लावलं असतं तर मेमो आला असता."

"आई, नावं महत्त्वाची नाहीत. तुला काय हवं ते म्हण."

तिने गिटार मांडीवर घेऊन वरून बघितलं. सहा तारा. तारांखाली पितळी पट्ट्यांनी पाडलेली घरं. बाराव्या घराशी दोन ठिपके, आणि मुलगा म्हणाला होता की बाराच्या पुढे सगळं पुन्हा तेच. सहा ओळी, ओळीत बारा. डावरीताईला गिटार कळली. तिचाच रॅक होता, फक्त आडवा करून गळ्याला मूठ बसवलेली.

व्यायामाचा पहिला सूर, दुसऱ्या तारेवर तिसऱ्या घरातला, झाला गिरणी गल्ली. जिथे बोट लावायचं नाही, तार मोकळीच छेडायची, तो ओळीतला पहिला कप्पा. तिथून पुढे दुसरा, तिसरा, आणि चौथा म्हणजे गिरणी गल्ली, रॅकवर होती तशीच. मुलाने लयीसाठी फोनमध्ये टकटक वाजणारं काहीतरी घ्यायला सांगितलं. तिने ते घेतलं नाही. ठप-ठप शिक्के मारण्याची लय तिच्या अंगात होतीच.

पाच आठवडे सकाळ-संध्याकाळ तिने टपाल वाटलं. नवरा गणिताचा मास्तर, निवृत्त. तो पेपराआडून हिशोब ठेवायचा. "आज बासष्ट वेळा स्टेशनवर जाऊन आलीस. एवढ्यात खरोखर गाडीत बसली असतीस तर माहेरी पोचली असतीस."

"एखादं गाणं वाजव ना गं," सासूबाई म्हणायच्या. "तेच तेच काय किसतेस?"

हे वाक्य ऐकलं की डावरीताईचं बोट एखाद्या क्षणासाठी अडायचं. हेच वाक्य याच घरात, याच सुरात पूर्वी कुणीतरी म्हटलं होतं. ड्यूटीवरून घरी येऊन, पिशवी खाली ठेवायच्या आत, गॅलरीत बसलेल्या शाळकरी पोराला. ते तिनेच म्हटलं होतं. शब्दसुद्धा तेच, 'किसतोयस' इतकाच फरक.

परीक्षेच्या सोमवारी बोटं लोण्यासारखी चालत होती. पोस्टमास्तरीणबाई फोनवर वेळ लावून उभ्या राहिल्या. त्या तिच्याहून दहा वर्षांनी लहान, नियमाला पक्क्या, आणि त्या पायरीमुळे मनातून थोड्या ओशाळलेल्या. बाजूला दुपारचे भाऊ होते. दुपारच्या पाळीत तोच रॅक ते सांभाळायचे.

"सुरू करा."

डावरीताईने सुरू केलं. हात निघाला तो थांबलाच नाही. पत्रं कप्प्यांत अशी पडत होती की दुपारच्या भाऊंनी हातातला चहा तसाच धरून ठेवला. ती हळू आवाजात गुणगुणतही होती. सात मिनिटं चाळीस सेकंदांनी तिने हात खाली घेतला.

"वा," बाई म्हणाल्या आणि तपासायला वाकल्या. स्टेशनचा कप्पा काढला. आतली सगळी पत्रं नव्या वसाहतीची. दवाखान्याचा काढला. सगळी पत्रं टाकीची. बाजाराच्या डावीकडच्या कप्प्यात सगळा बाजार. प्रत्येक ओळीतला बारावा कप्पा रिकामा.

बाईंनी चष्मा पुसला. "डावरीताई, यात एकही चूक नाही. आणि एकही बरोबर नाही. सगळं गाव एक घर डावीकडे सरकलंय."

"आणि ही कसली?" दुपारच्या भाऊंनी टेबलाकडे बोट दाखवलं. रॅकच्या डाव्या अंगाला पत्रांचा एक नीटनेटका गठ्ठा होता. जुना पूल, कोर्ट, स्टेशन, असे सगळे ओळीतले पहिले रस्ते. "ही लावलीच नाहीत तुम्ही."

"ती मोकळी आहेत," डावरीताई म्हणाली. "त्यांना बोट लावायचं नसतं."

म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो. मग तिने मान खाली घालून गिटारचं सगळं सांगितलं. पोस्टात असं शांतपणे ऐकून घेण्याची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी दोघांनी ऐकून घेतलं. शेवटी भाऊंच्या नाकात चहा गेला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या नियमाचा कागद वाचत होत्या. "पत्र त्या-त्या नावाच्या कप्प्यात असावं, एवढंच लिहिलंय. नाव कुठल्या कप्प्यावर असावं हे कुठेच लिहिलेलं नाही. आपण पट्ट्या एक घर सरकवू. पहिल्या रस्त्यांसाठी टेबलाच्या कडेला चिठ्ठ्या लावू. तुम्ही पास."

"हो, काय हरकत आहे," दुपारचे भाऊ म्हणाले. पण त्यांचा उजवा हात नकळत रॅककडे गेला आणि न बघता जुन्या पुलाच्या कप्प्यावर जाऊन टेकला. एकोणीस वर्षांचा हात होता तो.

डावरीताईने तो पाहिला.

"नको बाई," ती म्हणाली. "पट्ट्या सरकवल्या तर दुपारी यांचं गाव हरवेल. मला आठ दिवस द्या."

"पुढच्या सोमवारी असंच झालं तर मात्र माझा इलाज नाही. खिडकी."

"कळतं मला."

घरी नवऱ्याने पेपर खाली ठेवून सगळं ऐकलं. इतक्या वर्षांत त्याने पेपर खाली ठेवल्याचे प्रसंग मोजकेच. "मोकळी तार तू कितवी मोजलीस?"

"पहिली. पहिलीच ना?"

"अगं, बोटच लागत नाही ती शून्य. बोट लागलं की मग एक. जगाला शून्य सापडायला किती काळ गेला, आणि तू ते पाच आठवड्यांत घालवलंस."

"शून्य नंबरचा कप्पा असतो का कुठे? आमच्याकडे पहिला म्हणजे पहिला."

"म्हणूनच तुमच्याकडे पत्रं चुकतात," नवरा म्हणाला आणि तिच्याकडे बघून त्याने पुढचं गिळलं.

मुलगा फोनवर आधी भरपूर हसला. मग म्हणाला, "म्हणजे इतके दिवस सगळं एक घर पुढे मोजत होतीस? आणि मी फोनवर ऐकत होतो."

"सूर बरोबर होते ना?"

"सूर अगदी बरोबर होते गं. तेच तर." तो जरा विचार करून बोलला. "एक कर. पहिल्या घरात आडवी काठी लाव, सहाही तारा दाबून धरेल अशी. मग तार तिथून सुरू होते. मोकळी तार पहिल्या घरात येईल आणि तुझा सगळा हात एक घर उजवीकडे जाईल. बाजारात चिमटा मिळतो."

तिने चिमटा आणला नाही. पोस्टाची लाल-निळी पेन्सिल घेतली आणि टपालाचे गठ्ठे बांधायच्या रबरांनी तारांवर आडवी बांधली. छेडून पाहिलं. तोच व्यायाम, पण आवाज जरा चढलेला. गिरणी गल्ली आता डोळ्यांना दिसेल अशी चौथ्या घरात, रॅकवर होती तिथे.

बोट मात्र बिचकलं. आधी ते ज्या जागेवर बसायचं, ती आता शेजारी उघडी पडली होती. तिथे फिकट, गुळगुळीत डाग होता. तिने दुसरी जागा पाहिली, तिसरी पाहिली. पाच बोटजागा, पाच डाग. मळ नव्हता तो. पोराने गॅलरीत बसून तेच तेच किसलं होतं, त्याची खूण होती. पाच आठवडे आपली बोटं बरोबर कुठे पडत होती, हे तिला आज कळलं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. पेन्सिल नीट बसली का बघतेय."

आठ दिवस ती डागांच्या शेजारून चालली. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. "आज आवाज वर गेलाय. पुढचं कडवं लागलं वाटतं एकदाचं."

"हो, आई."

सोमवारी आठ मिनिटं पन्नास सेकंद लागली, चुका चार. त्यांतल्या तीन पत्रांवरचं अक्षर असं होतं की लिहिणाऱ्यालाही तिथे पोचता आलं नसतं. चौथी चूक तिची स्वतःची होती आणि तिने ती मान्य केली. बाईंनी कागदावर सही केली. दुपारच्या भाऊंनी पाळी घेताना रॅकवर हात फिरवला, सगळं गाव जागच्या जागी आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "खिडकीत तुम्ही शोभला नसता, डावरीताई. लोकांना खरं सांगून बसला असता."

दुपारी घरी आल्यावर तिने मुलाला कळवलं.

"चारच? अगं मग आता एखादं गाणं शिकवू का?"

"राहू दे. तू काय वाजवायचास तेव्हा, ते येतं मला. तेवढं पुरे."

तो म्हणाला, "आई, मी पुढच्या महिन्यात यायचं बघतो."

"बघ," ती म्हणाली. असं तो आधीही बघत आला होता.

नवरा बाहेर गेला होता. सासूबाई आत दुपारच्या झोपेत होत्या. गॅलरीच्या दारापाशी चेंडू आपली नोकरी करत होता. डावरीताईने रबरं सोडून पेन्सिल काढली, पिशवीत टाकली आणि गिटार मांडीवर घेतली. आता कप्पे मोजायचे नव्हते. बोटं आपसूक पाच डागांवर जाऊन बसली आणि चालू लागली, न अडखळता, वर आणि खाली, वर आणि खाली. मधल्या मोकळ्या तारा कुणीही बोट न लावता वाजत होत्या.

आत पलंग करकरला.

"कधी आला गं तो?" सासूबाईंनी झोपेतल्या आवाजात विचारलं. "हातपाय धुऊन घे म्हणावं, आणि ते किसणं बंद कर."

डावरीताईचा हात थांबला.

"तो नाही आला, आई. मीच आहे."

आत पलंग पुन्हा एकदा करकरला. तिने बोट पुन्हा गिरणी गल्लीत ठेवलं.