रेघेच्या टोकाची शंकरपाळी

सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर डब्लिनच्या त्या कंपनीत तयार होत होतं. आराखड्याच्या आकृत्या श्रीरंगने काढल्या होत्या आणि त्यावरून कोड लिहिला होता शरयूने. नागपूरहून तिला व्हिसावर आणणाराही तोच. २००६च्या त्या सकाळी हॉस्पिटलची माणसं पंप बघायला आली होती. दुपारी पंप ट्रायलसाठी वॉर्डात जाणार होता.

शरयू आकृतीवर शेवटची नजर टाकत होती. ‘ऑर्डर’ आणि ‘डोस’ या चौकोनांमधल्या रेघेच्या टोकाला शंकरपाळीच्या आकाराची एक खूण होती, आतून रिकामी. तिने श्रीरंगला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

“दादा, डॉक्टरांनी औषधाची ऑर्डर कॅन्सल केली, तर चालू डोस थांबायला हवा?”

“ऑफकोर्स. डोस ऑर्डरचाच भाग आहे ना!”

“मी कोडमध्ये थांबवलेला नाही. शंकरपाळी भरीव असती तर थांबवला असता; भरीव म्हणजे ऑर्डर गेली की तिचा डोसही गेला.”

श्रीरंगचा चेहरा उतरला. “पण टेस्ट पास झाल्यात सगळ्या!”

“त्याही मी या आकृतीवरूनच लिहिल्या. कोडच्या ओळीचा अर्थ भाषेच्या नियमांनी बांधलेला असतो. मी लिहिलं तेच मशीन करतं. आकृत्यांच्या भाषेत काय कशाला जोडायचं ते पक्कं आहे, पण रिकाम्या शंकरपाळीचा नेमका अर्थ ज्याने-त्याने ठरवावा, असं त्या भाषेच्या व्याख्येतच म्हटलंय. तुम्ही एक धरलं, मी दुसरं.”

“हळू बोल! आज ट्रायल होऊ दे, उद्या फिक्स करू. प्रोजेक्ट गेलं तर तुझ्या व्हिसाचं काय, कळतंय?”

तरी शरयू हॉस्पिटलची माणसं बसली होती त्या खोलीत गेली. पाण्याची पिशवी पंपाला लावून तिने नळीचं टोक जगमध्ये सोडलं आणि सगळ्यांसमोर ऑर्डर कॅन्सल केली. स्क्रीनवर ‘कॅन्सल्ड’ आलं. जगमध्ये थेंब पडतच राहिले. टप्. टप्.

हेड नर्सने न राहवून नळी चिमटीत दाबून धरली. मग श्रीरंग उठला. “आकृती माझी आहे,” तो इंग्रजीत म्हणाला, “अर्थ मी सांगायला हवा होता.”

ट्रायल पुढे ढकलली गेली. पार्किंगमध्ये शरयू गाडीचं दार उघडत होती. श्रीरंग मागून आला.

“व्हिसाचं बोलायला नको होतं मी.”

“नकोच होतं,” ती म्हणाली आणि गाडीत बसली.