डाव्या वळणाचा आवाज

परमेश्वराने माणसाला कान दिले, पण त्यांना झाकण दिलं नाही. ही त्याची लीला वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांना गेल्या वर्षभरात चांगलीच उमगली होती. बायकोचं आणि मेहुणीचं आईच्या शिलाई मशीनवरून बिनसलं. मशीन धाकटीकडे गेलं, अबोला थोरलीकडे आला, आणि दोघी बहिणी रोज फोनवर जे बोलायच्या ते सगळं एकट्या निरीक्षकांच्या वाट्याला आलं. शेजारणीच्या सुनेचं वागणं, स्वप्नात आलेली मामी, साय न धरणारं दूध. ते प्रामाणिकपणे "हं" म्हणत. पण नवऱ्याच्या "हं"ला बहिणीच्या "काय सांगतेस"ची सर कुठून यायची?

म्हणून धाकटीने आपणहून फोन करून "ये की रविवारी" म्हटलं, तेव्हा निरीक्षकांनी मनातल्या मनात हात जोडले. बायको "बघते" म्हणाली. बघते म्हणजे नाही नव्हे. आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी कुरकुरायला लागली. डावीकडे स्टिअरिंग फिरवलं की पुढून आधी कण्हल्यासारखा कर्रर्र, मग एकदम टण्.

"हा आवाज जाईपर्यंत मी त्या डोंगराच्या रस्त्याला येणार नाही," बायको म्हणाली.

बहिणीचं घर वर डोंगरावर, रस्ता सगळा वळणांचा. आवाज खरा होता आणि निमित्तही खरं होतं. अशा वेळी नवऱ्याने वाद घालू नये, गॅरेज गाठावं.

"जागेवर फिरवलं तरी येतो, का चालतानाच?" मेकॅनिकने विचारलं.

"दोन्ही वेळेला. पण डावीकडेच."

मेकॅनिकने स्टिअरिंगचं तेल पाहिलं, चाकांमागची रबरं चाचपली, गाडी गल्लीबोळांतून फिरवून आणली. "साहेब, ही तर मुकी आहे."

निरीक्षक घरी आले. बायको शेजारी बसली. पहिल्याच वळणावर कर्रर्र, टण्. पुन्हा गॅरेज, पुन्हा मुकी. "तुमच्या त्या मेकॅनिकच्या कानात बोळे आहेत," बायको म्हणाली.

तिसऱ्या खेपेला मेकॅनिकने फडक्याला हात पुसले. "आवाज येतो तेव्हा गाडीत कोण असतं?"

"मी. आणि शेजारी ही."

"आणि येत नाही तेव्हा?"

निरीक्षकांची सारी हयात तराजूपुढे गेलेली, त्यांना उत्तर आधी कळलं.

"वहिनींना घेऊन या," मेकॅनिक म्हणाला. "डाव्या बाजूला भार पडला की बोलेल."

आता आली का पंचाईत! अख्ख्या बाजारपेठेची वजनं ज्यांनी तपासली, त्यांच्या घरात मात्र वजन हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. 'गाडी तुझ्या भाराने कण्हते' असं सांगायचं, तर रविवार गेलाच, पुढचे सोमवारही गेले.

परसात कुंपणाच्या भिंतीच्या उरलेल्या विटा होत्या. निरीक्षकांनी एक हातात तोलली. स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको पाठमोरी उभी होती, तिच्याकडे क्षणभर खात्याच्या नजरेने पाहिलं आणि विटा मोजून गाडीत रचायला घेतल्या. शेवटची जास्त वाटली म्हणून अर्धी फोडली. मापात खोट नको. बेल्ट लावल्याशिवाय गाडी बोंबलायची थांबेना, म्हणून विटांना बेल्टही लावला.

मेकॅनिकने विटांकडे पाहिलं, मग निरीक्षकांकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. तोही संसारी माणूस होता. डाव्या चाकाशी उकिडवा बसून त्याने स्प्रिंगवर हात ठेवला. "फिरवा."

कर्रर्र, टण्.

"सापडलं. ह्या शॉकअपच्या डोक्यावर बेअरिंग असतं, ते गंजलंय. स्प्रिंगने चाकाबरोबर फिरायला हवं, तर ती वर अडकते, पीळ खाते आणि सुटली की उडी मारते. एकटे असलात की कशीबशी सरकते. भार आला की हटून बसते."

नवं बेअरिंग बसलं. विटांसकट फेरी झाली. गाडीने हूं की चूं केलं नाही. त्या आनंदात निरीक्षक तसेच घरी आले आणि फाटकातून हाक मारली, "अगं, आवाज गेला. ये, बसून बघ."

बायको हात पुसत आली. तिने डावं दार उघडलं.

"हे कोण?"

"विटा."

"ते दिसतंय मला. माझ्या जागेवर का?"

"मेकॅनिकला भार लागत होता."

"कुणाचा?"

बायकोने तो ढीग खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "आणि ही अर्धी?"

"बरोबर बसावं म्हणून."

"अंदाजाने केलंत?"

"अंदाजच," निरीक्षक म्हणाले, आणि जन्मभराच्या सचोटीने पुढे म्हणाले, "पण माझा सहसा चुकत नाही."

बायको आत गेली. निरीक्षकांनी एकेक वीट परसात नेऊन ठेवली. रविवार गेला हे त्यांनी मनाशी मान्य केलं. शेवटची अर्धी हातात होती तेव्हा बायको कपडे बदलून, खांद्याला पिशवी अडकवून बाहेर आली.

"चला, काढा गाडी. तिच्याकडे जायचंय."

"आज शुक्रवार आहे."

"मग रविवारपर्यंत हे पोटात ठेवू?"

"फोन कर की."

"फोनवर वीट कशी दाखवणार? ती अर्धी इकडे द्या."

डोंगराच्या रस्त्याला डावी वळणं कितीतरी आली. गाडी गप्प, बायको गप्प, मांडीवर अर्धी वीट. निरीक्षकांनी ओळखलं, एक शब्दही ती वाटेत सांडणार नव्हती.

धाकटीने दार उघडलं. दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. वर्षभराचा अबोला समोरासमोर कुणी आधी मोडायचा, हा मोठा प्रश्न. थोरलीने वीट पुढे केली. "घे. तुझ्या भावोजींचे पराक्रम ऐक."

दोघी आत गेल्या. निरीक्षक बाहेरच्या खोलीत बसले. आतून आधी थोरलीचा आवाज आला, मग दोघींचा, मग हसणं, मग नाकं ओढल्याचा आवाज, मग पुन्हा हसणं. निरीक्षकांना काही म्हणजे काही म्हणावं लागत नव्हतं. त्यांनी पाय लांब केले आणि देवाचं नाव घेतलं.

बऱ्याच वेळाने धाकटी डोळे पुसत बाहेर आली आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भावोजी, माझ्या किती?"

निरीक्षकांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"खबरदार," बायको आतून म्हणाली.