सर, तोंड मिटायचं नाही

धाकटीचे बाबा औषधशास्त्राचे प्राध्यापक होते आणि जगात त्यांना न जमणाऱ्या गोष्टी दोनच होत्या: गप्प बसणं आणि दातांच्या दवाखान्यात जाणं. कुठली गोळी पोटात गेल्यावर पुढे कुठे जाते, काय करते आणि कशी बाहेर पडते, हे ते जेवताना चमचे इकडून तिकडे सरकवत असं समजावायचे, की भाजी गार झाली तरी कुणाच्या लक्षात येत नसे. फक्त समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं असतं, हा धडा त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

"बाबा, मला वाटतं की..." धाकटी सुरुवात करायची.

"की खिडकी लावावी. बरोबर!" असं म्हणून ते खिडकी लावून मोकळे.

धाकटीला सांगायचं असायचं भलतंच. पण एकदा खिडकी लागली की तिच्यासमोर उभं राहून नवं वाक्य सुरू करायला वेगळा दम लागतो. थोरल्या बहिणीत तो होता, ती भांडून हिशेबनीस झाली. धाकटी आपली मान डोलवायची आणि खिडकीबाहेर बघायची.

शाळा संपली आणि धाकटीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक बाबांच्या विषयाला, औषधशास्त्राला. दुसरा डेंटल हायजिनला, म्हणजे लोकांचे दात साफ करणं आणि ते साफ कसे ठेवायचे हे शिकवणं. कुठे जाणार ते उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणावं, तर तसंही नव्हतं. दोन्हीकडे गोड पाणी होतं, पंचाईत तीच होती.

सुट्टीत ती दोन्ही कामं बघून आली होती. आधी बाबांची प्रयोगशाळा. ती तिला आवडली, हे कबूल करायला हवं. काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, श्वास रोखून मोजलेली चिमूटभर पूड, पडद्यावर हळूहळू चढत जाणारी रेघ. बाबा तिथे वेगळेच दिसायचे. रेघ मनासारखी चढली की लहान मुलासारखी टाळी वाजवायचे. मग दातांचा दवाखाना. तिथे सगळे ज्यांना ताई म्हणत, त्या हायजिनिस्ट दिवसभर एका फिरत्या स्टुलावर बसून लोकांच्या दातांवरचं कीटण काढायच्या आणि धाकटी शेजारी उभी राहून बघायची. तिथल्या पहिल्याच दिवशी धाकटीचं मन ठरलं. पण मनाचं ठरलेलं जिभेवर यायला हवं ना! तोवर बाबांनी दूधवाल्यापासून स्वतःच्या बहिणीपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की पोरगी माझ्याच वाटेनं येणार. त्यांनी तर स्वतःच्या कपाटातला एक कप्पासुद्धा तिच्यासाठी रिकामा करून ठेवला होता. त्या रिकाम्या कप्प्यासमोरून जाताना धाकटी मान वळवून घ्यायची.

कळवायच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी दात घासले आणि बेसिन लाल झालं.

"हिरड्या सुजल्यात," ते आईला म्हणाले. "माझी रक्तदाबाची गोळी आहे ना, तिनं होतं असं काही जणांना. त्याचं काय आहे..."

"त्याचं काय आहे ते दवाखान्यात सांगा," आई म्हणाली. "मी वेळ घेतलीय. धाकटी येईल बरोबर, तिच्या ओळखीचं आहे."

"अगं, पण आज माझं..."

"अहो, चला."

ज्या माणसाला अख्खा वर्ग वचकून असायचा, तो माणूस अशा रीतीनं लेकीच्या मागे मागे दवाखान्याचा जिना चढला. खुर्चीत बसेपर्यंत त्यांनी ताईंना गोळीचं नाव, तिचं कुळ आणि तिनं हिरड्या का सुजतात याची तीन कारणं ऐकवली.

"तेही असेल, सर. तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा," ताईंनी आरशातून आत बघितलं. "पण इथे कीटणही काही कमी नाही. आधी ते काढू. आता तोंड मिटायचं नाही, बोलायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन. धाकटे, तू ती थुंकी ओढायची नळी धर. गालाला चिकटू देऊ नकोस."

यंत्र सुरू झालं. बारीक शिट्टी, पाण्याचा फवारा, नळीची घरघर. बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि छताकडे डोळे लावले. ताईंना काम करता करता गप्पा मारायची सवय होती. तिला खोड म्हणा हवं तर, पण घाबरलेली माणसं त्या गप्पांनी सैल पडायची.

"मग, ठरलं का गं तुझं? औषधं की दात?"

"आं-आ-आ!" बाबा खुर्चीतून म्हणाले.

"तुम्हाला नाही हो सर, तिला विचारतेय."

धाकटीनं बाबांकडे बघितलं. तोंड सताड उघडं, त्यात ताईंचं यंत्र आणि तिची स्वतःची नळी. तिच्या लक्षात आलं, की या घडीला तिचं वाक्य अर्ध्यावर झेलायला जगात कुणीही मोकळं नाही. थोडी लबाडीच होती ती. पण उद्या दुपारनंतर काही बोलून उपयोग नव्हता.

"ठरलंय," ती म्हणाली. "दात."

बाबांचे डोळे छतावरून खाली आले.

"बाबा, मला तुमची प्रयोगशाळा आवडली. खरंच आवडली. पण तिथे आपण ज्याच्यासाठी राबतो ना, तो माणूस दिसतच नाही. तो कुठेतरी लांब, कितीतरी वर्षांनी गोळी घेणार. तुम्हाला तो रेघेत दिसतो. मी खूप प्रयत्न केला, मला नाही दिसला."

"आ-आं..."

"इथे काय होतं माहितेय? काम संपलं की माणूस उठून बसतो आणि दातांवरून जीभ फिरवतो. प्रत्येक जण. परवा एक सुतारकाका आले होते. आल्यापासून नुसते गुरगुरत होते. शेवटी त्यांनी जीभ फिरवली आणि स्वतःशीच म्हणाले, अरेच्चा! बाबा, तो चेहरा मला रोज बघायचाय. ताई त्यांना ब्रश कसा धरायचा ते दाखवत होत्या, तर मी मध्येच बोलले. मी! अनोळखी माणसाशी. आणि त्यांनी ऐकलं."

ताईंचा हात चालूच होता, पण त्या आता अगदी सावकाश काम करत होत्या. कीटण नसलेल्या दातावरसुद्धा त्या जरा रेंगाळल्या, असं धाकटीला नंतर वाटलं.

"तुम्ही कप्पा रिकामा केलात," धाकटीचा आवाज बसत चालला. "सगळ्यांना सांगितलंत. आता त्यांना काय सांगाल, लेक दात घासायचं शिकायला गेली म्हणून? तुम्हाला माझी लाज वाटेल, याचीच मला भीती वाटते. दुसरं काही नाही."

शेवटचं वाक्य तिच्या ओठातून बाहेर पडलं खरं, पण इतकं हळू, की नळीच्या घरघरीत कुठल्या कुठे विरून गेलं. तिचे डोळे भरून आले. हातातली नळी मात्र तिनं गालाला चिकटू दिली नाही.

तेवढ्यात बाबांचा डावा हात वर गेला.

ताईंनी ताबडतोब यंत्र थांबवलं. खोली एकदम शांत झाली. झालं, धाकटीला वाटलं, आता खिडकी लागणार. तिनं नळी बाजूला घेतली आणि मान खाली घातली.

"दुखतंय का, सर?"

बाबांनी चूळ भरली, टाकली, रुमालानं हनुवटी पुसली. तोंड मोकळं, समोर ऐकायला दोन माणसं आणि सांगायला अख्खं औषधशास्त्र. त्यांनी धाकटीकडे बघितलं, अगदी पडद्यावरच्या रेघेकडे बघावं तसं, डोळे बारीक करून.

"नाही, दुखत नाहीये," ते ताईंना म्हणाले. "जेवढं ऐकू आलं, तेवढं पटलंय मला. शेवटचं मात्र तुमच्या या घरघरीत ऐकू आलं नाही. महत्त्वाचं होतं वाटतं, पोरगी रडतेय. हिला म्हणावं, पुन्हा सांग. आणि जरा मोठ्यानं."

एवढं बोलून ते मागे टेकले आणि कुणी सांगायच्या आत त्यांनी आपणहून तोंड उघडलं.