गच्चीवरची टाकी

छोटूने बोटीवर खोली चढवली तेव्हा अक्का काही बोलली नाही. साठी उलटली, केस पिकले, दारातून आडवं होऊन जावं लागेल इतका सुटला, तरी धाकटा भाऊ तिला छोटूच. त्याने जन्मभर लोकांच्या घरांवर मजले चढवले होते. हाताची खोड कामधंदा सोडला म्हणून थोडीच सुटते?

बोट दोघांची, अर्धी अर्धी. घाट मासेमारीच्या ट्रॉलरचा, पण राहण्यासाठी केलेली: जाड बुडाची, संथ चालीची, आत दोन केबिन, एक ओटा आणि पुढे सुकाणूची खोली. छोटूची बायको गेली, अक्काची हॉस्पिटलातली नोकरी संपली, तेव्हा दोघांनी ती घेतली. किनाऱ्याकिनाऱ्याने या बंदरातून त्या बंदरात जावं, असं त्यांचं बरं चाललं होतं. तक्रार एकच. लाट आली की बोट कलायची आणि लगेच हिसका मारून सरळ व्हायची. ओट्यावरचं भांडं जागेवर राहील तर शपथ.

या हंगामात छोटूने टपावर लाकडी खोली बांधली. घर म्हटलं की गच्चीवर टाकी हवी, म्हणून खोलीच्या डोक्यावर पाण्याची टाकी बसवली. मग मोटर लावलेली एक होडी आणली, ती वर चढवायला लहानशी क्रेनही आली. आणि नवल असं की बोट शहाणी झाली. हिसके गेले, ती पाळण्यासारखी डुलू लागली. छोटूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. धक्क्यावर भेटेल त्याला तो सांगे, वजन वाढलं की माणसासारखी बोटही पोक्त होते.

अक्कालाही बरं वाटायला हवं होतं. पण तिची सारी नोकरी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभं राहण्यात गेली होती. धापा टाकणाऱ्या पेशंटची तिला भीती वाटत नसे. श्वास शांत होत गेला, एका श्वासानंतर दुसरा यायला वेळ लागू लागला, की तिचे कान टवकारत. आता बोट कलायची, तिथेच जरा रेंगाळायची आणि मग सावकाश उठायची. त्या रेंगाळण्यात अक्का नकळत सेकंद मोजू लागे. तिने एकदा बोलूनही दाखवलं. छोटू म्हणाला, आधी हलते म्हणून रडायचीस, आता हलत नाही म्हणून रडतेस. तिने विषय सोडून दिला.

हंगाम संपताना ते परतीला निघाले. वारा संध्याकाळी वाढेल असं हवामानखात्याचं म्हणणं होतं, आणि दुपारच्या जेवणाआधी बंदरात पोचू, असं छोटूचं. सकाळी समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता. मग क्षितिजावर एक काळी रेघ दिसली, ती जाड होत गेली, आणि सांगितल्या वेळेची वाट न बघता वारा आला.

लाटा बाजूने येत होत्या तोवर निभावलं. पण बंदराच्या तोंडाकडे वळल्यावर त्या पाठीमागून येऊ लागल्या. एक मोठी लाट बोटीखाली शिरली, तिने बोटीला उचलून धरलं, आणि त्या उंचीवर बोट उजवीकडे झुकली. झुकली ती झुकलीच. खिडकीत आभाळ उरलं नाही, नुसतं हिरवंकाळं पाणी. अक्काने ओट्याची कड धरली. डोक्यावर टाकीतलं पाणी एका अंगावरून दुसऱ्या अंगाला घरंगळत गेल्याचा आवाज तिने ऐकला. बोट कलल्यावर तेही तिकडेच धावत होतं. लाट पुढे गेली तेव्हा कुठे बोट उठली, पण आजारी माणूस उठतो तशी, मनाविरुद्ध.

अक्काने ओट्याचा नळ सोडला. न्हाणीत जाऊन तिथला सोडला, हात धुण्याच्या भांड्यावरचाही. टाकीतलं पाणी मोरीवाटे समुद्रात जाऊ लागलं.

"काय करतेस? पिण्याचं पाणी आहे ते!" छोटू सुकाणूवरून ओरडला.

"वरचं ओझं उतरवतेय. आता तू होडी सोड."

तो सुकाणू धरूनच राहिला. होडी त्याने हौसेने घेतली होती, पण अडला तो त्यामुळे नाही. होडी सोडायची म्हणजे टपावर जायचं, आणि आजवर थट्टेवारी नेलं ते खरं मानायचं. तेवढ्यात दुसरी लाट आली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ ते दोघं भिंतीला टेकून, जवळजवळ भिंतीवर उभे राहून, बोट काय ठरवते याची वाट बघत राहिले.

ती उठली तशी छोटूने सुकाणू अक्काच्या हातात दिलं. "काहीही झालं तरी बोटीची पाठ लाटेकडेच ठेव, आता आडवी गेली तर उलटेल," म्हणाला, "माझा आवाज आला तरी मागे वळू नकोस." आणि दार उघडून गेला.

अक्काला वरचं काही दिसत नव्हतं. पावलं ऐकू आली, मग हातोडीचे घाव, मग काहीच नाही. बोट पुन्हा झुकली. वरून काहीतरी जड घसरत गेलं, कठडा मोडल्याचा आवाज झाला, आणि भावाने तिच्या नावाने हाक मारली. एकदाच. अक्काने मान वळवली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात सुकाणूवरून हलले नाहीत. बोट सरळ झाली, या खेपेला जरा लवकर.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. छोटू आत येऊन जमिनीवरच बसला. होडीबरोबर कठडा गेला होता, आणि कठडा धरलेल्या हाताचं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. बंदराच्या भिंतीआड शिरेपर्यंत नळ तसेच वाहत होते.

प्लास्टर घातल्यावर छोटूने धक्क्यावरून बोटीकडे पाहिलं. खोलीचा एक कोपरा निखळून लोंबत होता. माणसं लावून आठवड्यात उतरवून घेतो सगळं, असं तो म्हणाला. मग पुढच्या हंगामाचं काहीतरी बोलू लागला.

"छोटू," अक्का म्हणाली, "तू हाक मारलीस तेव्हा मी वळले नाही."

"मीच सांगितलं होतं की तसं."

"हो. पण पुन्हा मला ते जमणार नाही. वळेन मी. आणि मग दोघंही जाऊ."

धक्क्याला बांधलेली बोट एका बाजूला कलली. ती सरळ होईपर्यंत दोघंही श्वास रोखून बघत राहिले.