पाच वर्षांच्या लाद्या

साठ महिने, महिना पंचेचाळीस हजार, म्हणजे सत्तावीस लाख. फुटबॉल खेळणाऱ्या सिद्धेशला एका सहीत एवढं मिळणार होतं. त्यातून वजा करायचा त्याचा उजवा गुडघा. तो गुडघा किती दिवस टिकणार हे अख्ख्या कोलशेतमध्ये तिघांनाच ठाऊक होतं: खुद्द सिद्धेशला, बर्फ आणून देणाऱ्या मंजुळेला आणि मला. मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. पोटात गार असतं म्हणून माझं डोकंही गार असेल, अशी तुमची समजूत असेल तर ती आधी काढून टाका.

कोलशेतमधला एक कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या खोक्यांच्या फळ्या स्वस्तात विकायला निघाल्या. मंजुळेच्या नवऱ्याने त्या उचलल्या आणि सुताराकडून मला घडवून घेतलं. आत पत्रा, बाहेर फळ्या, मधल्या जागेत ठासून भरलेला भुसा. सुताराने मला उन्हात ठेवलं, झाकण दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि म्हणाला, "झाकण ओलं झालं की फुगंल. मग जोर लावायला लागंल." हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

माझी पहिली वर्षं घोडबंदर रोडवर गेली. एका टॉवरच्या गेटाशेजारी मंजुळा बसायची आणि तिच्या बाजूला मी. पापलेट, बोंबील, कोळंबी सगळं मी सांभाळलं. वरच्या मजल्यांवरच्या बायका नाकाला पदर लावून यायच्या आणि दोन किलो घेऊन जायच्या. धंदा बरा होता.

मग आमच्या पाठीमागच्या गाळ्यात विठ्ठलशेठने लाद्यांचं मोठं शोरूम थाटलं. शेठ आमच्याच गावचे. जमीन गेली, पैसा आला, बोटांत अंगठ्या आल्या. त्यांच्या गिऱ्हाइकांना परदेशी फरशी बघताना सुरमईचा वास येऊ लागला. आठ दिवसांत मंजुळेची जागा गेली आणि ती नाल्याकडच्या गल्लीत जाऊन बसली. विक्री निम्म्यावर आली. पण शेठना उपकार करण्याची फार हौस. ते गावच्या 'खाडीकाठ फुटबॉल क्लब'चे अध्यक्षही होते. ते म्हणाले, "मंजुळा, क्लबला रोज बर्फ दे, बर्फाचे पैसे घे. आणि तुझी पोरगी मुलींच्या टीममध्ये फुकट खेळूंदे."

पोरगी म्हणजे कृतिका. तेव्हा सात वर्षांची होती. अशी मी क्लबात आले.

मित्रांनो, ती माझी मानाची वर्षं. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाच्या पोटरीत गोळा आला, की सगळे माझ्याकडे धावत. जिल्ह्याचा कप जिंकला तेव्हा तो ठेवायला टेबल नव्हतं, म्हणून माझ्या डोक्यावर ठेवला होता. कृतिका डाव्या बाजूने अशी पळायची की मुलगेही खेळ थांबवून बघत. सराव संपला की ती माझ्यातला बर्फाचा खडा तोंडात टाकायची आणि आईच्या शिव्या खायची.

आता राग कशाचा, ते सांगते.

सिद्धेशच्या आधी या क्लबात त्याचा मोठा भाऊ प्रशांत खेळायचा. बचावात भिंतीसारखा उभा राहायचा. सहा वर्षांपूर्वी एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. शेठ दवाखान्यात भेटायला गेले, सहा केळी घेऊन. केळी उशाशी ठेवली आणि म्हणाले, "तू आराम कर. पगार मात्र या महिन्यापासून बंद. क्लब काय तुझ्या पायावर चालतो?" प्रशांत आता खोपटच्या डेपोत कंडक्टर आहे. एसटीची पायरी चढताना अजून आधी डावा पाय टाकतो. ते वाक्य ऐकलं तेव्हा सिद्धेश पलंगाच्या पायथ्याशी उभा होता.  पुढच्या वर्षी तो मुकाट्याने त्याच क्लबात खेळायला आला आणि गोल मारत सुटला.

माझाही एक हिशेब बाकी होता. शेठने शोरूमच्या जाहिरातीसाठी सिद्धेशचे फोटो काढायला क्लबात माणसं बोलावली होती. कॅमेरे लागले आणि शेठ ओरडले, "ती मासळीची पेटी उचला रे इथून! लाद्यांच्या फोटोत बांगडा नको!" फोटोला वास येत नाही, हे त्यांना सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही. मला लाथेने दाराआड सरकवलं आणि पोटात बाटलीभर फिनेल ओतलं. माझ्या जागी चाकांची लाल पेटी आली. दोन महिन्यांत तिचं चाक निघालं, तळ गळायला लागला आणि मला परत बोलावणं आलं. परत आले खरी, पण फिनेल विसरले नाही.

गेल्या वर्षी सिद्धेशचा गुडघा कुरकुरायला लागला. क्लबाला रोज पाव लादी बर्फ पुरायचा. आता सिद्धेश आतल्या खोलीत दार लावून बर्फाच्या पिंपात कमरेपर्यंत बसायचा, सरावाआधी एकदा आणि सरावानंतर एकदा. पावाची अर्धी लादी झाली. वरचे पैसे तो स्वतःच्या खिशातून द्यायचा.

"मावशी, बर्फाचं कुणाला बोलू नको हां," तो म्हणाला.

"मी कशाला बोलू? पन कोनी इचारलं तर खोटं नाय बोलनार."

"बर्फाबद्दल कोण विचारतंय? शेठला पाच वर्षांचा करार करायला लावायचाय. एकदा सही होऊ दे, मग गुडघा राहो नाहीतर जावो. प्रशांतचा पगार बंद केलेला ना? माझा करून दाखवू दे."

मंजुळेने बर्फ फोडायचा टोचा लादीवर हाणला. मग म्हणाली, "पाचच वर्सांचा? दहाचा माग रं."

इकडे कमिटीत वाद पेटला होता. खजिनदार शीलाबाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, कागद वाचल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणाऱ्या. त्यांचं म्हणणं, करार एकेका वर्षाचा करा. शेठना भीती होती ती सिद्धेश निसटण्याची. मुंबईतला एक मोठा क्लब त्याच्यावर डोळा ठेवून होता. पाच वर्षं बांधून ठेवला, तर उद्या नेणाऱ्याला आधी आपल्याला पैसे मोजावे लागतील आणि तोवर त्याचं तोंड घोडबंदर रोडच्या होर्डिंगवर फुकट झळकत राहील. पण बांधून ठेवलेला माणूस मन लावून खेळेल का, याची शेठना खात्री नव्हती. म्हणून एका सकाळी ते मंजुळेला गाठायला क्लबात आले. ती माझ्यात बर्फ भरत होती.

"काय गं मंजुळा, सिद्धेशचं काय चाललंय हल्ली? तुझ्याशी बोलतो ना तो?"

मंजुळेने शब्द दिला होता खोटं न बोलण्याचा. ती म्हणाली, "काय नाय शेठ. लाद्या फार लागतात त्याला हल्ली."

"लाद्या?" शेठचे डोळे चमकले. "कुठे लावतोय?"

मंजुळेचा टोचा हवेतच थांबला. तिने शेठच्या तोंडाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "आतल्या खोलीत. दार लावून बसतो."

"म्हणजे बेडरूम काढलंय वाटतं करायला! केवढ्या लागतात?"

"मोठ्या. पायाला गार लागाया पाहिजेत म्हनतो."

"मग कोटा घे म्हणावं त्याला! कोट्यासारखी गार लादी नाही. अगं, मी काय मेलोय का? दुसऱ्याकडून कशाला घेतो?"

"तुमीच द्या शेठ. तुमी दिल्या तर त्याला पाच वर्सं पुरतील."

शेठ शीळ घालत निघून गेले. मंजुळा माझ्या काठाला धरून खाली बसली आणि पोट धरून हसली. मित्रांनो, माझ्या पोटातला बर्फही त्या दिवशी लवकर वितळला.

त्याच आठवड्यात मीटिंग झाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शीलाबाई माझ्यावर बसल्या.

"लाद्या बसवतोय तो घरात!" शेठनी जाहीर केलं. "जो माणूस घरात लाद्या बसवतो, त्याचं मन गावाबाहेर असतं का? पाच वर्षं लिहा."

"शेठ, तो जिना उतरताना कठडा धरतो," शीलाबाई म्हणाल्या. "आणि खेळताना इजा झाली तरी पगार थांबणार नाही, ही ओळ त्याने मुद्दाम का घालायला लावली?"

"भावाचं झालं ना तसं, म्हणून घाबरतो पोरगा. घाला ओळ."

"हे पैसे तुमच्या शोरूमचे नाहीत, क्लबाचे आहेत. उद्या चुकलं तर कशावर तरी कात्री चालवावी लागेल. कशावर चालवणार?"

दारात मंजुळा रिकामी पाटी घेऊन उभी होती. हे वाक्य तिने ऐकलं. मीही ऐकलं. पण आम्ही दोघी अजून कोट्यावर हसत होतो.

मग शीलाबाई उठल्या. उकडत होतं, त्यांना गार पाण्याची बाटली हवी होती. त्यांनी माझं झाकण ओढलं. त्या दिवशी फक्त लहान मुलांचा सराव होता, तरी माझ्यात अर्धी लादी होती. ती दिसली असती तर त्या बाईने क्षणात ताळा जुळवला असता. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा हिसका दिला. मी उघडले नाही. लाकूड पाण्याने फुगतं असं सुतार म्हणाला होता. रागानेही फुगतं, हे त्याला माहीत नसावं.

करार झाला. वर शेठनी एका खोलीपुरत्या कोटा लाद्या सिद्धेशच्या चाळीतल्या घरी पाठवल्या. दुकानात दोन वर्षं पडून होत्या, पण दिल्या.

सिद्धेश चार महिन्यांत अकरा सामने खेळला आणि त्याने नऊ गोल केले. खरंच जीव तोडून खेळला, हेही सांगायला हवं. बाराव्या सामन्यात कुणी धक्काही दिला नाही. तो वळला आणि बसला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, पण खेळणं विसरा. महिना संपला, पगार झाला. दुसरा महिना संपला, पगार झाला. शेठ तणतणत क्लबात आले.

"फसवलंस तू मला!"

सिद्धेश माझ्यावरच पाय लांब करून बसला होता. "मी कुठे फसवलं? तुम्ही मला विचारलंतच नाही. मावशीला विचारलेलं."

शेठ मंजुळेकडे वळले. "तू म्हणालीस लाद्या बसवतोय!"

"लाद्या लागतात म्हटलं, शेठ. बसवतोय तुमी म्हटलं. मी काय फरशी इकते काय?"

सगळा क्लब हसला. सिद्धेश मात्र हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "प्रशांतला बोललेलात ना, क्लब काय तुझ्या पायावर चालतो? आता चालतो शेठ. माझ्या. अजून चोपन्न महिने."

दुसऱ्या दिवशी प्रशांत डेपोतून सुटला तो खाकी कपड्यांतच शोरूममध्ये गेला. काउंटरवर सहा केळी ठेवली. "आराम करा शेठ," म्हणाला आणि लंगडत बाहेर आला. हे त्यानेच येऊन माझ्यावर बसून सांगितलं. सांगताना इतका हसला की डोळे पुसायला लागले. सहा वर्षांचं उट्टं एका दुपारी निघालं. मलाही गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

शेठनी त्यातलं एक केळं सोललं आणि खाता खाता शीलाबाईंना फोन लावला. पुढच्या महिन्यापासून मुलींची टीम बंद. त्यांचा कोच बंद, सामन्यांना नेणारी गाडी बंद, मैदानाची वेळ बंद. बचत बरोबर पंचेचाळीस हजार. शेठनी स्वतःच्या खिशातून एक रुपया काढला नाही. कधी काढणारही नव्हते. हे आम्हा शहाण्यांना सुचलंच नाही.

कृतिकाची जिल्ह्याच्या निवडीची चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. तिथे क्लबाच्या टीममधूनच नाव जातं. टीम नाही, म्हणून नाव नाही.

ती बूट हातात घेऊन माझ्यापाशी आली. मंजुळा बर्फ फोडत होती.

"आई, लाद्यांचं तू मला आधी का नाय सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस?"

"शेठला जाऊन सांगितलं असतं. लादी म्हणजे बर्फ म्हणून."

मंजुळेने टोचा खाली ठेवला.  

सिद्धेश कुबड्या टेकत आला. "मावशी, मला वाटलेलं शेठच्या खिशातून जातील."

"मना पन," मंजुळा म्हणाली.

त्याने खिशातून पाकीट काढून कृतिकापुढे धरलं. "हे ठेव. दुसऱ्या क्लबात नाव घाल."

"ठाण्यात मुलींची टीम आहे कुणाकडे, दादा? आणि बाकीच्या सतरा जणींचं काय? मी एकटी पास कुणाला देऊ?" तिने पाकीट घेतलं नाही. बूट माझ्यात ठेवले आणि झाकण लावून गेली.

तेव्हापासून मंजुळेने क्लबाला बर्फ देणं सोडलं आणि मला घरी आणलं. माझ्यात आता फक्त ते बूट आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी पेटी असेल तर काम झाल्यावर पाणी काढून टाका आणि झाकण उन्हात उघडं ठेवा. बंद राहिली की आतून कुजते. आणि कुणावर उट्टं काढायचंच असेल तर जरूर काढा, मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त आधी बघून घ्या, त्याच्या खिशात पैसे कुणाचे आहेत. मीही त्या दिवशी झाकण धरून बसले नसते, तर बरं झालं असतं.

शेठनी एका खोलीच्या, न खपलेल्या लाद्या दिल्या. सिद्धेशने गुडघा दिला, तो तसाही जाणार होता. प्रशांतने सहा केळी आणली. मंजुळेने शब्द पाळला आणि मी झाकण धरून ठेवलं. बाकीचं सगळं अठरा मुलींनी भरलं. करारावर त्यांतल्या एकीचीही सही नाही.